जहाजावरचा पहिला दिवस : प्रवाशांच्या हजेरी-कवायतीचा इतिहास

आजच्या अवाढव्य क्रूझ जहाजावर चढणाऱ्या प्रवाशाचा पहिला दिवस बहुतेक ठरलेल्या क्रमाने पार पडतो. बंदरावरील टर्मिनलमध्ये पारपत्राची तपासणी होते, सामानावर केबिनच्या क्रमांकाची चिठ्ठी लागते, छायाचित्र काढून एक कार्ड हातात दिले जाते आणि गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजात शिरण्याच्या पुलावरून, माणूस आत येतो. मग दुपारचे जेवण, केबिनचा ताबा आणि संध्याकाळी जहाज धक्का सोडत असताना वरच्या डेकवर गाणे-बजावणे. या साऱ्या आदरातिथ्यात एक अर्धा तास मात्र २०२० पर्यंत कायद्यापोटी राखून ठेवलेला असे. त्या वेळी भोंगा वाजे, बार आणि दुकाने बंद होत आणि प्रत्येक प्रवाशाला आपापल्या नेमलेल्या जागी जाऊन हजेरी द्यावी लागे. जहाज सोडण्याची वेळ आली तर कोठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे आणि कोणाचे ऐकायचे, हे शिकवणारी ही कवायत ‘मस्टर ड्रिल’ या नावाने ओळखली जाते. ती घ्यायची की नाही, घ्यायची तर केवळ खलाशांची की प्रवाशांचीही, आणि प्रवासाच्या नेमक्या कोणत्या घटकेला, या प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वारंवार बदलत गेली; आणि यांपैकी जवळजवळ प्रत्येक बदलाच्या मागे बुडालेले किंवा जळालेले एखादे जहाज उभे आहे.

एकोणिसाव्या शतकातील आगबोटीवर प्रवाशाचा पहिला दिवस निराळ्याच धांदलीत जाई. जेवणाच्या टेबलावर चांगली जागा मिळावी म्हणून मुख्य कारभाऱ्याला गाठणे, डेकवरची आरामखुर्ची भाड्याने घेणे, सहप्रवाशांची यादी वाचून ओळखीची नावे शोधणे, अशा गोष्टींना वरच्या वर्गात महत्त्व असे. तळाच्या वर्गातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्यांना डॉक्टरी तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागे. केवळ आनंदासाठी जहाजाने फिरण्याची कल्पना शतकाच्या अखेरीस रुजली. हिवाळ्यात अटलांटिक पार करणारे प्रवासी रोडावत आणि मोठी जहाजे रिकामी राहत, म्हणून हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेन बंदरातून भूमध्य समुद्राच्या सुमारे दोन महिन्यांच्या सफरीवर पाठवले, आणि आधुनिक क्रूझ व्यवसायाचा आरंभ बहुधा याच सफरीपासून मोजला जातो. संकटकाळी जहाज सोडण्याची तयारी मात्र तेव्हा संपूर्णपणे खलाशांचे काम समजली जाई. बोटी हाताने, दोरखंड आणि कप्प्यांच्या साहाय्याने उतरवायच्या, वल्ह्यांनी हाकायच्या, म्हणजे ती कसबी माणसांची बाब. प्रवाशाने सांगितले जाईल तेव्हा येऊन बसावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. बोटींची संख्याही ब्रिटिश नियमांत माणसांच्या मोजणीवरून ठरत नव्हती, ती जहाजाच्या टनभारावरून ठरत होती, आणि त्या नियमांची वरची पायरी १०,००० टनांवर थांबलेली होती.

या हिशेबातील उणीव १९१२ साली उघडी पडली. ‘टायटॅनिक’ हे ४६,००० टनांहून मोठे जहाज १० एप्रिल १९१२ रोजी साउदॅम्प्टनहून निघाले तेव्हा त्यावर २० बोटी होत्या आणि त्यांत १,१७८ माणसे मावू शकत होती. कायद्याच्या मागणीपेक्षा ही संख्या अधिकच होती, तरी जहाजावरच्या सुमारे २,२०० जणांपैकी जेमतेम निम्म्यांना ती पुरणारी होती. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगाशी टक्कर झाली, पहाटे २ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडाले आणि सुमारे १,५०० माणसे गेली. बोटी अपुऱ्या होत्या ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी की होत्या त्या बोटीही भरल्या गेल्या नाहीत. ६५ जणांची पहिली बोट तीसही माणसे न घेता खाली गेली आणि ४० जणांच्या एका बोटीत केवळ १२ माणसे होती. आपली बोट कोणती हे कोणाही प्रवाशाला आधी सांगितलेले नव्हते, बोटींच्या डेकवर पोहोचण्याचा मार्ग तळाच्या वर्गातील माणसांना ठाऊक नव्हता, आणि उजेड-उबेचे जहाज सोडून अंधारात लोंबकळणाऱ्या बोटीत बसणे आरंभी पुष्कळांना वेडेपणाचे वाटले. बोटींची उणीव पैशाने भरून निघणारी होती. माणसांच्या अज्ञानाला मात्र प्रवासाच्या आरंभीच वेळ द्यावा लागणार होता.

लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २० जानेवारी १९१४ रोजी समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला करार झाला. या कराराच्या पुढच्या आवृत्त्यांसह त्याला ‘सोलास’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. जहाजावरील प्रत्येक माणसाला बोटीत जागा, बिनतारी यंत्रावर अहोरात्र पहारा, हिमनगांवर लक्ष ठेवणारी गस्त आणि खलाशांना नेमून दिलेली कामे व कवायती, ही त्याची मुख्य कलमे होती. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने करार ठरल्याप्रमाणे अमलात येऊ शकला नाही, तरी ‘सर्वांसाठी बोटी’ हे तत्त्व देशोदेशींच्या कायद्यांत शिरले. केवळ बोटी वाढवल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही, याचा भीषण पुरावाही लवकरच मिळाला. २४ जुलै १९१५ रोजी शिकागो नदीच्या धक्क्याला बांधलेले ‘ईस्टलँड’ हे सफरीचे जहाज, कारखान्याच्या वार्षिक सहलीसाठी कामगार आणि त्यांची कुटुंबे चढत असतानाच एका अंगावर कलंडले आणि ८४४ माणसे मृत्युमुखी पडली. मुळातच डळमळीत असलेल्या या जहाजावर नव्या नियमांच्या धास्तीने वरच्या बाजूला आणखी बोटी आणि तराफे चढवले गेले होते, आणि त्या ओझ्याने त्याचा तोल अधिकच बिघडला होता. सहलीचा तो दिवस धक्का सुटण्याआधीच संपला.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘लुसिटानिया’ बुडाले, तेव्हा प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. ‘टायटॅनिक’च्या अनुभवामुळे या जहाजावर घडीच्या बोटी धरून ४८ बोटी होत्या, म्हणजे प्रत्येकाला जागा होती. १ मे रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या या जहाजाला ७ मे रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि ते १८ मिनिटांत तळाशी गेले. जहाज एका अंगावर झुकल्यामुळे एका बाजूच्या बोटी जहाजाच्या अंगावर आपटू लागल्या, दुसऱ्या बाजूच्या दूर झुलू लागल्या, आणि सगळ्या मिळून केवळ सहा बोटी धडपणे निघू शकल्या. सहा दिवसांच्या प्रवासात खलाशांच्या बोटींच्या कवायती झाल्या होत्या. प्रवाशांची मात्र एकही हजेरी झाली नव्हती. जाकीट उलटे घातल्यामुळे बुडालेल्या माणसांचे उल्लेख वाचलेल्यांच्या आठवणींत येतात.

मुंबईशी थेट नाते असलेली दुर्घटना १९२२ सालची आहे. पी अँड ओ कंपनीचे ‘इजिप्त’ हे टपाल आणि प्रवासी नेणारे जहाज १९ मे १९२२ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईला यायला निघाले. मुंबईचे बहुतेक प्रवासी फ्रान्समधून रेल्वेने येऊन मार्सेय बंदरात चढत असल्याने जहाजावर त्या वेळी प्रवासी थोडे आणि कर्मचारी पुष्कळ होते. शिवाय तळघरात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, दाट धुक्यात, फ्रान्सच्या वायव्य टोकाजवळ ‘सेन’ या फ्रेंच मालवाहू जहाजाने त्याला धडक दिली आणि सुमारे वीस मिनिटांत ‘इजिप्त’ बुडाले. ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत बहुसंख्य जहाजाचे कर्मचारी होते. बोटी सर्वांना पुरून उरण्याइतक्या होत्या. पण प्रवाशांना आपल्या बोटी ठाऊक नव्हत्या आणि कर्मचाऱ्यांची नेमणूक कागदावरच राहिली होती. ब्रिटिश वृत्तपत्रांनी भारतीय खलाशांच्या गोंधळावर बोट ठेवले. चौकशीत मात्र बोटींच्या कवायतीतील हयगय पुढे आली आणि कप्तानाचे प्रमाणपत्र सहा महिन्यांसाठी निलंबित झाले.

या प्रकरणाचा अर्थ समजण्यासाठी त्या काळच्या जहाजांवरील कर्मचाऱ्यांची रचना पाहावी लागते. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी मोठ्या प्रमाणात काठियावाड, सुरत आणि रत्नागिरीकडचे असत, भट्टीवर कोळसा टाकणारे बहुधा पंजाब आणि सरहद्दीकडचे असत, आणि जेवणघरात व केबिनमध्ये सेवा करणारे गोव्याचे असत. डेकवरच्या टोळीचा मुखिया सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल आणि त्याखाली खलाशी, अशी ही उतरंड होती. हिंदुस्थानी, पोर्तुगीज, अरबी आणि इंग्रजी शब्दांच्या मिश्रणातून तयार झालेल्या ‘लश्करी’ नावाच्या खलाशी बोलीत त्यांना हुकूम दिले जात, आणि ही बोली गोऱ्या अधिकाऱ्यांना यावी म्हणून थॉमस रोबक यांनी १८११ सालीच नौकानयनाचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश प्रसिद्ध केला होता. तीन प्रांतांतली, तीन भाषा बोलणारी आणि जहाजाच्या तीन वेगळ्या भागांत काम करणारी माणसे एका क्षणी एका बोटीभोवती जमणार असतील, तर त्यांची एकत्र तालीम प्रवाशांच्या तालमीइतकीच अपरिहार्य होती. ती न घेण्याचा दोष ज्यांना कोणी शिकवलेच नाही त्यांच्या माथी मारणे वृत्तपत्रांना सोयीचे होते, एवढेच.

नोव्हेंबर १९२८ मध्ये ‘व्हेस्ट्रिस’ हे जहाज न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेकडे निघून तिसऱ्याच दिवशी बुडाले. एका अंगावर झुकत चाललेल्या या जहाजावरून मदतीचा संदेश उशिरा गेला, स्त्रिया आणि मुलांना ज्या बोटींत प्रथम बसवले त्याच बोटी नीट उतरल्या नाहीत, आणि शंभराहून अधिक मृतांमध्ये जहाजावरील प्रत्येक मूल होते. या घटनेच्या सावटाखाली १९२९ साली लंडनमध्ये दुसरा सोलास करार झाला. त्यानंतरही कवायतीचे काय होत असे, हे ८ सप्टेंबर १९३४ रोजी ‘मॉरो कॅसल’ने दाखवले. हाव्हाना आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान हौशी प्रवाशांना नेणाऱ्या या अवघ्या चार वर्षे वयाच्या जहाजाला परतीच्या रात्री आग लागली. कप्तान काही तासांपूर्वीच वारला होता, जहाज जोरदार वाऱ्यात पुढे जात राहिले, आणि बारापैकी सहाच बोटी पाण्यात उतरल्या. त्यांत बसलेल्यांमध्ये बहुतेक कर्मचारीच होते. १३० हून अधिक माणसे दगावली. प्रवाशांच्या कवायतीकडे या जहाजावर दुर्लक्ष होत असे, आणि त्याचे कारण व्यापारी होते: सुटीवर आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी मरणाची आठवण करून देणे कंपन्यांना नको होते. मौजेचे प्रवासी जहाज आणि दळणवळणाचे प्रवासी जहाज यांतील हा फरक पुढच्या संपूर्ण इतिहासात उपद्रव देत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोलास करार १९४८ आणि १९६० साली नव्याने लिहिला गेला. १९६० च्या करारानुसार लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात जहाजाने बंदर सोडल्यापासून २४ तासांच्या आत प्रवाशांची हजेरी होणे आवश्यक होते. आठवडाभर अटलांटिकवर चालणाऱ्या जहाजांच्या मापाने ही मुदत वाजवी वाटते; परंतु विमानांनी अटलांटिकचा प्रवासी पळवल्यानंतर जुनी जहाजे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून एक-दोन रात्रींच्या स्वस्त सहलींना लावली गेली, आणि तेथे २४ तासांत प्रवासच जवळजवळ संपत असे. १९२७ साली बांधलेले ‘यार्मथ कॅसल’ त्यांपैकी एक होते. १२ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी ते मायामीहून नासाऊकडे निघाले, मध्यरात्रीनंतर लवकरच एका बंद ठेवलेल्या केबिनमध्ये आग भडकली आणि सकाळी सहाच्या सुमारास जहाज बुडाले. ९० जण मरण पावले, आणि त्यांतील बहुतेक प्रवासी होते. मदतीला धावून आलेल्या ‘फिनपल्प’ या फिनिश मालवाहू जहाजाजवळ पोहोचलेल्या पहिल्या बोटीत कप्तान स्वतः होता, आणि त्या जहाजाच्या कप्तानाने त्याला परत पाठवले. या प्रवाशांची जहाजावरची पहिली रात्र हीच शेवटची रात्र ठरली. पुढच्या वर्षी जुन्या प्रवासी जहाजांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले आणि लाकडी अंतर्भाग असलेली अनेक जहाजे या व्यवसायातून बाहेर पडली.

१९७० च्या दशकात मायामी हे क्रूझ व्यवसायाचे केंद्र झाले. मार्च १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीचे पहिले जहाज ‘मार्डी ग्रा’ आपल्या पहिल्याच सफरीला निघाले आणि मायामी बंदराच्या तोंडाशीच वाळूत रुतले. जीवितहानी न झाल्याने या प्रसंगाची आज केवळ गंमत सांगितली जाते. प्रवासी संख्या वाढत गेली तशी कवायतही एका ठरावीक साच्यात बसली. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब स्वर, हा जगभर एकच असलेला संकेत. केबिनच्या दारामागे आणि ओळखपत्रावर छापलेला जमण्याच्या जागेचा क्रमांक. त्या जागी नावे पुकारून घेतलेली हजेरी. आणि जाकिटाचे प्रात्यक्षिक. यामागची गणिते काटेकोर आहेत. सर्व माणसे जाकिटे घालून जमल्यानंतर, जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यापासून ३० मिनिटांत सगळ्या बोटी आणि तराफे भरून पाण्यात सोडता आले पाहिजेत, अशी अट आहे. २००९ साली आलेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’वर प्रत्येकी ३७० माणसांच्या १८ बोटी आहेत, इतकी माणसे एका बोटीत शांतपणे बसवायची तर प्रत्येकाने आधी योग्य ठिकाणी असणे, हीच सगळ्यात मोठी पूर्वअट ठरते. म्हणूनच आज या कवायतीचा खरा हेतू बोट उतरवायला शिकवणे हा राहिलेला नाही. हजारो माणसांची गर्दी अरुंद जिन्यांतून योग्य दिशेने वळवणे हा आहे, आणि १९९० च्या दशकात सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रवासी जहाजांवरील कर्मचाऱ्यांना गर्दीच्या व्यवस्थापनाचे प्रशिक्षण त्यासाठीच सक्तीचे केले.

हे काम करणारी माणसे स्वयंपाकी, वेटर, केबिन झाडणारे आणि वादक असतात, आणि त्यांत गोवा व महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. प्रवाशाची कवायत सफरीत एकदा होते, त्यांच्या मात्र सतत चालू असतात आणि त्यांत जोखीमही असते. १० फेब्रुवारी २०१३ रोजी कॅनरी बेटांवरील ला पाल्मा बंदरात ‘थॉमसन मॅजेस्टी’ जहाजाची बोट कवायत चालू असताना पोलादी तार तुटून पाण्यात पडली आणि पाच कर्मचारी मरण पावले. प्रवासी ज्या अर्ध्या तासाला कंटाळतो तो सुरळीत पार पडावा म्हणून कोणी काय किंमत मोजते, हे अशा वेळी दिसते.

२४ तासांच्या मुदतीचा शेवट ज्या दुर्घटनेमुळे झाला ती १३ जानेवारी २०१२ रोजी घडली. ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे जहाज भूमध्य समुद्रात सात दिवसांच्या फेऱ्या मारीत असे, आणि फेरी गोलाकार असल्याने वाटेतील अनेक बंदरांत काही प्रवासी उतरत व काही नवे चढत. त्या संध्याकाळी सातच्या सुमारास ते रोमजवळच्या चिवितावेक्क्या बंदरातून निघाले तेव्हा जहाजावर ४,२२९ माणसे होती, आणि त्यांतील सुमारे सातशे प्रवासी तेथेच चढले होते. या नव्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती, आणि ‘चढल्यापासून २४ तासांत’ या तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यात बेकायदा काहीच नव्हते. पावणेदहाच्या सुमारास, कप्तानाने जिल्यो बेटाच्या अति जवळून जहाज नेल्यामुळे, खडकाने जहाजाचे अंग फाडले. प्रवाशांना आरंभी केवळ विजेचा बिघाड असल्याचे सांगितले गेले, सात-एकचा भोंगा पाऊण तासाहून अधिक उशिराने वाजला, आणि जहाज सोडण्याचा हुकूम आणखी वीस मिनिटांनी झाला. तोवर जहाज इतके कलले होते की एका बाजूच्या बोटी उतरवणे अवघड झाले. ३२ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत मुंबईचा एक कर्मचारीही होता. कप्तानाला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली.

या घटनेत कप्तानाचे वर्तन इतके ठळक होते की नियमातील दोष त्याच्या आड झाकला गेला. एका जहाजाचा एकच पहिला दिवस असतो असे गृहीत धरून बनलेल्या नियमाला, रोज कोणाचा ना कोणाचा पहिला दिवस असलेले जहाज सांभाळायचे होते. ‘इजिप्त’वरही अर्धे-अधिक प्रवासी वाटेत चढणार होते आणि नव्वद वर्षांनंतर नेमकी तीच परिस्थिती पुन्हा आली होती. फेब्रुवारी २०१२ मध्येच क्रूझ कंपन्यांच्या संघटनांनी बंदर सोडण्याआधी कवायत घेण्याचे धोरण जाहीर केले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१३ साली सोलासमध्ये तशी दुरुस्ती स्वीकारली आणि १ जानेवारी २०१५ पासून, नव्याने चढलेल्या प्रवाशांची हजेरी जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले. ‘टायटॅनिक’पासून मोजले तर प्रवाशाची तालीम पहिल्या दिवसाच्या पहिल्या प्रहरात येण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे लागली.

त्यानंतर पाच वर्षांतच या पद्धतीला नवे वळण मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर सातशेहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली, आणि शेकडो माणसांना एका दालनात खांद्याला खांदा लावून उभे करणे अशक्य होऊन बसले. त्याच वर्षी रॉयल कॅरिबियन कंपनीने जाहीर केलेल्या, आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनी स्वीकारलेल्या पद्धतीत, प्रवासी सूचनांची चित्रफीत मोबाइलवर किंवा केबिनमधील टीव्हीवर पाहतो, सात-एकचा भोंगा ऐकतो, आणि मग सवडीने आपल्या जागी जाऊन कार्डाची नोंद करून येतो. जहाज निघण्यापूर्वी प्रत्येकाने हे पूर्ण करावे ही अट कायम आहे. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की ऊन, गोंगाट आणि कंटाळा यांत ऐकलेल्या सूचनांपेक्षा शांतपणे पाहिलेल्या सूचना अधिक लक्षात राहतात, आणि प्रत्येकाची नोंद यंत्रावर असल्याने कोण आला नाही हे लगेच कळते. हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही जुन्या हजेरीत जे आपोआप घडत असे, म्हणजे पूर्ण गर्दीसह जिने उतरून पाहणे, वाटेतील कोंडी अनुभवणे, आणि कर्मचाऱ्यांनाही ती गर्दी प्रत्यक्ष हाताळावी लागणे, ते चित्रफितीत घडत नाही. सूचना माणसापर्यंत पोहोचली की नाही हे यंत्र सांगू शकते. गर्दी त्या सूचनेप्रमाणे हलेल की नाही, हे गर्दी हलवूनच कळते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या इतिहासाची एक अपुरी बाजू आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर एकेकाळी विलायतेची टपालबोट लागे. आता तेथूनच क्रूझ जहाजे सुटतात, आणि २०२१ पासून ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले जहाज कॉर्डेलिया कंपनीच्या नावाने गोवा व लक्षद्वीपकडे सफरी करू लागले. त्यावर चढणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या दिवशी आंतरराष्ट्रीय पद्धतीची कवायत शिकायला मिळते. मात्र सोलास करार आंतरराष्ट्रीय जलप्रवासापुरता आहे, आणि या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या दुर्घटना रोजच्या प्रवासी बोटींच्या आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा पुष्कळ प्रवाशांच्या अंगावर जाकिटे नव्हती; पंधरा जण गेल्यानंतर त्यांची सक्ती झाली. क्रूझचा प्रवासी आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी चढतो आणि त्याला शिकवले जाते. रेवस-मांडव्याचा प्रवासी वर्षानुवर्षे चढत आला आणि त्याला जाकीट कोठे आहे हेही बहुधा कोणी दाखवले नाही.

सागरी सुरक्षिततेचा इतिहास लिहिताना बोटींची संख्या, अग्निरोधक दारे आणि बिनतारी यंत्रे यांनाच बहुधा पुढची जागा मिळते, कारण ती मोजता येतात. हजेरीच्या कवायतीचा इतिहास पाहिला तर असे दिसते की साधने वाढवण्याला उद्योगाने फारसा विरोध केला नाही. विरोध, चालढकल आणि पळवाट ही प्रवाशाचा वेळ मागणाऱ्या नियमालाच मिळाली. प्रत्येक वेळी मुदत आखडली ती शहाणपणाने नाही, तर जुन्या मुदतीत माणसे मेल्यानंतर. आजची मोबाइलवरची कवायत ही त्या मुदतीचीच नवी परीक्षा आहे, आणि तिचा निकाल अजून लागलेला नाही. तोवर जहाज कोणतेही असो, सात हजार माणसांचे की सत्तरांचे, चढणाऱ्याने पहिल्या दिवशी आपली जमण्याची जागा स्वतःच्या पायांनी चालून पाहावी आणि मुलांनाही दाखवावी. नियमाने तेवढे मागितले नसले तरी इतिहासाने ते मागितले आहे.